काळी गाडी, पांढरी गाडी आणि माझी मिशी

आमच्या कोल्हापुरात माणूस ईर्षेवर जगतो. शेजाऱ्यानं म्हैस आणली की आपली त्याहून जास्त दूध देणारी पाहिजे, मग गोठ्यात जागा असो नसो. माझ्या दोन्ही साडूंनी मोठ्या गाड्या घेतल्या त्या अशाच. थोरल्यांनी गुढीपाडव्याला काळी डिझेल गाडी आणली. धाकट्यांनी कशीबशी दसऱ्यापर्यंत कळ काढली आणि पांढरी पेट्रोल गाडी दारात उभी केली. दोन्ही परदेशी कंपनीच्या. आत बसताना चप्पल बाहेर काढावी की काय, असा मला दर वेळी प्रश्न पडतो.

मी स्वतः एकतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली. पौर्णिमेला नृसिंहवाडीची गर्दी, इचलकरंजीत गिरण्यांची पाळी सुटली की दारापर्यंत भरलेली माणसं, सगळं डिझेलनं ओढलं. त्यामुळं घरच्या बारशात पंगत उठल्यावर कुठली गाडी जास्त पळते यावरून दोघा साडूंची जुंपली, तेव्हा मला गप्प बसवेना.

"डिझेल ते डिझेल," मी म्हणालो. "पांढरी पुढं गेली तर ही मिशी उतरवतो."

"पावणं, चारचौघांत शब्द दिलासा बरं का," धाकटे साडू म्हणाले.

"दिलाय की!"

ती मिशी लग्नाच्या आधीपासूनची. प्रवाशांना माझं नाव माहीत नसायचं, मिशीवाला ड्रायव्हर म्हटलं की पुरे. बायकोनं त्या दिवशी कपाळावर हात मारला तो उगाच नाही.

निकाल कुणी द्यायचा, यावर मात्र दोघांचं लगेच जमलं. माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत गाड्यांच्या चाचण्या घेते. इंजिनिअर झाल्यावर ती हे काम करते म्हणाली तेव्हा मी आकांडतांडव केलं होतं. कॉलेजात शिकव, बँकेत जा, गाड्या कसल्या हाकतीस म्हणून. तिनं ऐकलं नाही, आणि तिचं काम कसं असतं ते मीही कधी विचारलं नाही. ती चार दिवस रजेवर आली होती, तेवढ्यात हे तिच्या गळ्यात पडलं.

हातकणंगल्याकडं थोरल्या साडूंनी प्लॉट पाडलेत. नवाकोरा सरळ डांबरी रस्ता, घर अजून एकही नाही. रविवारी सकाळी फाटक लावून घेतलं तेव्हा आत तीसेक माणसं होती. कुणीतरी गुलालसुद्धा आणला होता. दोन्ही गाड्यांत आपापल्या पक्षाचे चार-चार जाडजूड पाठीराखे आधीच चढून बसले होते, गाडीला जोर यावा म्हणून!

पोरीनं दार उघडलं. "काका, गाडी पळवायची हाय का वरात काढायची हाय?"

सगळे मुकाट्यानं उतरले. मग तिनं चाकांतली हवा तपासली. थोरल्यांच्या डिकीतून गुळाच्या चार ढेपा बाहेर काढायला लावल्या. एसी बंद. काचेला एक छोटी डबी चिकटवली. गाडी जागेवरून हलल्यापासून शंभरचा वेग गाठेपर्यंतचा वेळ ती डबी मोजते. दोन्ही गाड्या चालवणार पोरगीच.

काळी फाटकापाशी उभी होती, ती फाटकाकडून आत पळाली. पांढरी फोटो काढायला म्हणून दुसऱ्या टोकाला नेऊन लावलेली, ती तिकडून फाटकाकडं आली. वेळेत काळी केसभर पुढं निघाली. एकच आरडाओरडा झाला, गुलाल उधळला, थोरल्या साडूंनी मला मिठी मारली. मी मिशीला पीळ दिला.

आता इथं मला खरं सांगितलं पाहिजे. सकाळी त्या रस्त्यावर दहा पावलं चाललो तेव्हाच माझ्या पायाला कळलं होतं, की फाटकापासून आत उतार आहे. डोळ्याला दिसणार नाही इतकाच, पण आहे. म्हणजे काळी उतारानं पळाली होती आणि पांढरी चढावानं. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसलो होतो. मिशीसाठी.

"निकाल अजून न्हाय," पोरगी म्हणाली. "रस्त्याला उतार वाटतोय. दोन्ही गाड्या उलट्या बाजूनं परत पळवायच्या आणि सरासरी काढायची."

थोरले साडू भडकले. "लेव्हल काढून केलाय रस्ता! कुठला उतार?" मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीला काय कळतंय त्यातलं?"

तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "पप्पा, तुम्ही सांगा. उतार हाय का न्हाय? तुमच्या पायाला कळलं असणार."

तीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. मिशीचं तिला ठाऊक होतं. तरी तिनं मलाच विचारलं, कारण बाप खोटं बोलेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला.

"हाय," मी म्हणालो. "फाटकापासनं आत उतार हाय. सकाळीच कळलंतं मला."

दोन्ही गाड्या परत पळाल्या. सरासरीत पांढरी दोन दशांश सेकंदांनी पुढं गेली. मग तिनं चालत्या गाडीत पुन्हा मोजून दाखवलं, की पन्नासच्या वेगावरून पुढं ओव्हरटेक करताना दोघी बरोबरीनं ओढतात. वजन, गिअर, टायर, सगळं तिनं न अडखळता समजावलं. पोरीला काय कळतंय म्हणणारा गडी शेवटी आपल्या गाडीला कुठले टायर घालू म्हणून तिलाच विचारत होता. मी मागं उभा राहून ऐकत होतो. एकतीस वर्षांत मला जे फक्त पायाला कळत होतं, ते तिला शब्दांत सांगता येत होतं.

"राहू द्या पावणं, गमतीनं बोललासा," धाकटे साडू मला म्हणाले.

"शब्द म्हंजे शब्द," मी म्हणालो.

परतताना आमची जुनी गाडी तिनंच चालवली, आणि मी पहिल्यांदाच शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबला नाही. न्हाव्याच्या दुकानात शिरलो आणि मिशी काढ म्हणालो, तेव्हा त्याचा हात थांबला. आमच्याकडं माझ्या वयाचा माणूस मिशी काढतो ते घरातलं कुणी गेल्यावरच. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, मामा?"

आरशात मला दारात उभी असलेली पोरगी दिसत होती.

"कोण न्हाय गेलं," मी म्हणालो. "लेकीनं चारचौघांत खरं बोलाय लावलं. काढ तू, बिनधास्त."