सदोतीस साते

सदतीस या आकड्यावर माझ्या साडूंनी जेवढी माया केली, तेवढी अख्ख्या मराठवाड्यात कुणी सख्ख्या भावावरही केली नसेल. ते अहमदपूरला गणिताचे मास्तर. आपण तीसच्या पाढ्यापाशी दम टाकतो, तिथून यांची गाडी सुरू होते. पंगतीत बसले की वरणाची वाटी हातातच राहते. "साडूभाऊ, कुठलेही तीन सारखे आकडे घ्या. सातशे सत्त्याहत्तर. त्यांची बेरीज एकवीस. एकवीसनं भागा, सदोतीस! नऊशे नव्व्याण्णव घ्या, सत्तावीसनं भागा, पुन्हा सदोतीस!" तोवर वाढपी आम्हा दोघांना सोडून पुढे गेलेला असतो.

हे मी कौतुकानं सांगतोय असं वाटत असेल तर तसं नाही. मी जळतो. मी थोरला जावई, लातूरला बियाण्याचं दुकान चालवतो, मुरुडला सासऱ्यांकडे महिन्यातून दोनदा जातो. पण सासरे, म्हणजे आमचे मामा, जन्मभर बाजारात तोलारी केलेले, धान्याची पोती तोलून वजनं मांडलेले. त्यांची मैफल जमते ती धाकट्या जावयाशीच, त्यांना ते 'गुरुजी' म्हणतात. एकदा अर्धापूरहून केळीचा अख्खा घड मी एस.टी.तून मुरुडला नेला. खांदा सोलून निघाला. साडू हात हलवत आले, घडाभोवती एक चक्कर मारली आणि ओरडले, "मामा, चौऱ्याहत्तर केळी! सदोतीस दुणे!" मामांनी त्यांना टाळी दिली. संध्याकाळपर्यंत गल्लीत तो घड साडूंचा झाला होता.

मेव्हण्याच्या लग्नात फोटोसाठी मामांच्या शेजारची जागा साडूंनी मला दिली, तीही हिशेबासकट. "एकशे पंच्याऐंशीला सदोतीसनं भाग जातो. पुढचा एक उचलून मागं ठेवा, आठशे एकावन्न. त्यालाही जातो. कोण पुढं, कोण मागं, काय फरक पडतो?" मला पडत होता. शेवटी मीही दुकानात चोरून तो पाढा धरला. एकशे अकरा, दोनशे बावीस, तीनशे तेहतीस एवढे सोपे तेवढे जमले. मधले काही डोक्यात टिकेनात.

गेल्या वर्षी मामांचा मोतीबिंदू लातूरला काढला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच धूसर दिसायचं. कॉटशी बसून काय बोलावं ते सुचेना, म्हणून हळूच म्हटलं, "सदोतीस सक दोनशे बावीस."

"आलाव का गुरुजी?" मामांनी माझा हात धरला. मी नाही म्हणालो नाही. हात तसाच धरून ते बोलले, "थोरल्यांनीच सगळं केलं बघा. त्यांच्यावर माझा जीव लई हाय. पर त्यांना आकड्याची गोडी न्हाई, अन् मला दुसरं बोलाया येत न्हाई. काय करावं?"

इतकी वर्षं मी कशावर जळत होतो, तेच मला कळेना.

"बरं, सदोतीस साते?" मामांनी विचारलं.

झाली पंचाईत. वर पाहिलं तर दारात साडू, हातात चहाचा थर्मास. कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, थर्मास काखेत मारला आणि मला बोटं दाखवली. आधी दोन, मग पाच, मग नऊ.

"दोनशे एकोणसाठ," मी म्हणालो.

"वा, गुरुजी!" मामा हसले. साडूंनी थर्मास उंबऱ्याशी ठेवला आणि चपला हातात घेऊन आल्या पावली परत गेले.