अंगठ्याखाली सरकलेलं नाव

आखाडा बाळापूरचे महेबूबभाई म्हणजे चहात साखर पडताना डोळ्यांनी बघतील तेव्हाच गोड म्हणतील, असा माणूस. हळद शिजवायचा त्यांचा कुकर पंचवीस वर्षं शेतोशेत फिरतोय. कुणाचा नंबर कधी, ते त्यांच्या वहीत. नाव बदललंच तर एका रेघेनं खोडायचे, खालचं वाचता यावं म्हणून. नंबरावरून त्यांच्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा!

यंदा त्यांच्या लेकीनं, अफशीननं, नंबरांचं वेबपेज बनवलं. पेज पुन्हा उघडायला नको. जावास्क्रिप्ट दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरला विचारतं आणि तेवढा यादीचाच भाग बदलून टाकतं.

"म्हंजे मी बघून राहिलो तरी नाव सरकणार? न खोडता?" महेबूबभाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

आठवडाभरात शेतकरी माणिकराव मोबाइल नाचवतच दारात आले. "महेबूबभाई, सकाळी माझा तिसरा नंबर होता, आता पाचवा! काढलेली हळद वावरात पडून हाय. काहून असं?"

चार माणसं जमली. पंचवीस वर्षांच्या नावाला बट्टा लागायची वेळ! यादी बदलता यायची दोघांनाच: महेबूबभाईंना आणि कुकर चालवणाऱ्या साजीदला, त्यांच्या भाच्याला. मग काय, संशयाचं भूत बसलंच मानगुटीवर.

"कुणाकडून काय खाल्लंस रे?" महेबूबभाई सगळ्यांदेखत साजीदवर गरजले. साजीदनं कुकर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची चावी टेबलावर ठेवली आणि तो घरी निघून गेला.

अफशीननं सर्व्हरवरची नोंद काढली. "अब्बा, हा बदल तुमच्याच फोनवरून झालाय. नऊ वाजून दहा मिनिटांनी."

महेबूबभाईंचा चेहरा खर्रकन उतरला. नऊ वाजता दुसऱ्या नंबरच्या संतरामनं 'माझा नंबर मागं टाका' म्हणून सांगितलं होतं. त्याच्या नावासमोरचं मागं सरकवायचं बटण दाबायला अंगठा नेला, आणि नेमकी तेव्हाच यादी बदलली. पहिल्याचं काम उरकलेलं, सगळी नावं एक घर वर सरकलेली. अंगठ्याखाली आले माणिकराव.

"हात्तिच्या!" झाला प्रकार कळताच माणिकराव हसले, आजचा नंबर पदरात पाडून घेतला आणि बाजारात गेले. बाकीचेही पांगले.

महेबूबभाई साजीदच्या दारात उभे राहिले. "बेटा, चूक माझीच."

साजीदनं मान वर केली नाही. "मामू, आळ घेतला चौघांसमोर. माफी काहून एकट्यात?"

महेबूबभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वळले आणि भर बाजारातून माणिकरावांना हाका मारत धावत सुटले.