भाऊमामांचं नाक

माझ्या भाऊमामांचं नाक भर टीव्हीवर कापलं गेलं, आणि कापणारी मी होते.

मामा रत्नागिरीजवळच्या पावसचे आंबेवाले. डोळ्यांवर फडकं बांधून त्यांच्या हातात हापूस द्या, देठापाशी एकदा हुंगून सांगत, "हा खालच्या वाडीतला, बांधावरच्या कलमाचा!" (एकदा त्यांनी साल हुंगून चोराचंही नाव सांगितलं होतं. चोर मीच होते.)

ऐंशीच्या दशकात टीव्हीवर एक खेळ लागायचा. पाहुण्याच्या अंगी काहीतरी जगावेगळा गुण असायचा आणि चार विद्वानांनी दहा प्रश्नांत तो ओळखायचा. नाव-गाव सांगून झालं की पाहुण्याने बोलायचं फक्त 'हो' किंवा 'नाही'. गुण ओळखता आला नाही, तर पाहुण्याला मिक्सर! मी मामांच्या नावाने पत्र टाकलं आणि मुंबईहून चक्क बोलावणं आलं! मामींनी त्याच दिवशी ओट्यावर मिक्सरची जागा पुसून ठेवली.

अडचण एकच. "जेवलात?" असं विचारलं तरी मामा भाताच्या पेरणीपासून सुरुवात करायचे. मी आठवडाभर रत्नागिरीत आमच्या घरी तालीम घेतली.

"मामा, तुम्ही बागायतदार आहात?"

"अगो, आमच्या आजोबांनी जेव्हा कलमं..."

"मामा! हो की नाही?"

"हो गो बाये!"

"बाये नको! नुसतं हो!"

स्टुडिओत मी पहिल्या रांगेत, जीव मुठीत धरून. आणि मामा काय खेळले म्हणता!

"तुम्ही गाता?"

"नाही."

"जादू करता?"

"नाही."

नऊ प्रश्न संपले. विद्वान घामाघूम! शेवटी एका प्राध्यापकांनी विचारलं, "या कामात कान लागतो?"

मामा थबकले. सत्यवचनी माणूस, आंबा आपण कधी कानाशी नेला होता का, हे आठवत बसले असावेत. एक सेकंद, दोन सेकंद... माझा धीर सुटला. मी ताडकन उभी राहून ओरडले, "मामा, नाही म्हणा! वास काय कानाने येतो?"

प्राध्यापकांनी चष्मा सावरला. "वास... आणि पाहुणे रत्नागिरीकडचे... अहो, हे आंबे हुंगतात!"

मामांनी कपाळावर हात मारला. "अगो, मी नाहीच म्हणणार होतो!"

सूत्रसंचालिका हसू दाबत माझ्याकडे वळल्या. "ताई, पुढच्या वेळी पाहुण्या म्हणून तुम्हीच या. तुमचा गुण ओळखायला एकही प्रश्न लागायचा नाही!"

सगळा स्टुडिओ खो खो हसला. आणि मी, भर कॅमेऱ्यासमोर, अगदी मनापासून विचारलं,

"कुठल्या तारखेला येऊ?"