टेक्सासची फिडल, केंटकीच्या नावावर

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतली कंट्री गाणी म्हणजे सगळी एकच, असं कुणी म्हटलं की व्हर्लीन कॉडिलबाईंचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "अहो, मक्याचा कॉर्नब्रेडसुद्धा दर खोऱ्यात वेगळा लागतो, आणि गाणं तेवढं एकच होय?" केंटकीच्या डोंगरातल्या छोट्याशा रेडिओ स्टेशनवर बावीस वर्षं दर शनिवारी सकाळी त्या तासभर जुन्या तबकड्या वाजवत. एकदा टेक्सासची नाचायला लावणारी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, एकदा कॅलिफोर्नियाची करकरीत गिटार, मग आपल्या डोंगरातली चढ्या सुरातली, रडवणारी गाणी. नुसती वाजवत नसत, फरक कानात भरवत.

मग नवा मॅनेजर आला, डेन्टन. याच गावचा, जेमतेम तिशीचा. एका शुक्रवारी म्हणाला, "बाई, महिन्यात तुम्हाला एक फोन नाही. कुणी ऐकतच नाही. उद्याचा कार्यक्रम शेवटचा. पुढच्या शनिवारपासून कॉम्प्युटरच गाणी लावेल."

नवरा गेल्यावर बाई सावरल्या होत्या त्या या एका तासाच्या जोरावर. पण हातापाया पडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. शिवाय गाव त्या पुरतं ओळखून होत्या. इथली माणसं कौतुकासाठी फोन करत नाहीत, लाजतात मेली! चूक काढायची असेल तर मात्र भरल्या ताटावरून उठतील.

शनिवारी बाईंनी टेक्सासची तबकडी लावली आणि अगदी मधाळ आवाजात सांगितलं, "ऐका मंडळी, आपल्या केंटकीच्या डोंगरातली अस्सल फिडल!"

दहा सेकंदांत फोन खणखणला. खाणीत जन्म घालवलेला ऑर्बिन म्हातारा होता. "व्हर्लीन, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? अगं, टेक्सासचा हात आहे हा! आपले लोक इतका लांब गज ओढतात का कधी?"

"अगंबाई, हो का?" बाई म्हणाल्या आणि पुढचा फोन घेतला. मग तिसरा. चर्चच्या स्वयंपाकघरातून एकजण ओरडत होती, मागून आणखी चौघी तिला शब्द पुरवत होत्या. सतरा फोन झाले. सगळे रागावलेले, आणि सगळे बरोबर!

डेन्टन धाडकन दार ढकलून आत आला. "बाई, माझाही फोन थांबत नाहीये! आणि चूक तुमचीच आहे. तो गज ऐका ना, डोंगरातला कसला, सरळसरळ टेक्सास आहे!"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तुला रे कसं कळलं?"

डेन्टन कानापर्यंत लाल झाला. "आठ वर्षांचा होतो," तो पुटपुटला, "तेव्हा रेडिओवर तुम्हीच सांगितलं होतं."

बाईंना हसू आणि रडू एकदमच फुटलं. डोळे पुसून त्यांनी माइक सुरू केला. "मंडळी, चूक कबूल. पुढच्या शनिवारी, याच वेळेला, खरी केंटकीची ऐकवते." असं म्हणून त्या डेन्टनकडे बघत राहिल्या.

डेन्टननं मान डोलावली, आणि वाजणारा फोन स्वतः उचलला.