पंचमीची पांढरी उंदरी

सून नागपंचमीच्या लाह्या भाजून राह्यली, अन् त्या वासानं मी थेट शहागडच्या जुन्या घरात गेलो. तवा एका सापवाल्यासाठी मी तेलाच्या डब्यात पांढरे उंदीर पाळायचो. माझी बायको गया त्यातल्या एका उंदरीला तळहातावर लाह्या चारायची. मिशांच्या गुदगुल्या झाल्या की खळखळून हसायची. "सापाच्या घासाला जीव लावू नी," मी दटवायचो. पर ते हसू ऐकायला मीच दाराशी रेंगाळायचो.

पंचमीच्या दुपारी सापवाला आल्ता. लोकांचं दूध प्यावं म्हणून त्यानं नाग उपाशी ठेवल्ता, आता त्याला घास पायजे व्हता. डब्यात गयाची तेवढी एकच उंदरी उरल्ती.

"अवं, आज भाजीसुदिक चिरत न्हाईत," गया म्हणली. "उद्या ये म्हणा की त्याला."

"शब्द दिलाय म्या," म्हणलं, अन् उंदरी त्याच्या हाती दिली.

गयानं हातातल्या लाह्या झटकल्या. पुढं संसार बराबर केला तिनं, पर तशी पुन्हा हसली न्हाई. आता तर तीच न्हाई. उद्या ये, एवढंच तर म्हणायचं व्हतं मला.

"मामा, लाह्या खाईनात का?" सून इचारती. तिनं दिलेल्या लाह्या घेऊन मी तळहात तसाच उघडा धरून बसलोय.