सिल्लोडची गाडी

जालन्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारा आणि त्याची बायको बसले होते. त्यांची लेक सिल्लोडच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. चिकलठाण्याचं विमानतळ दिसलं, तशी बायको म्हणाली, "अहो, सिल्लोडला जाताना हरसूल लागतं. ही गाडी आपली नाय."

"वळसा घालून नेतोय तो. गप बस." त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मी हळूच म्हणालो, "काका, ही जालन्याला जाते."

त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "कळलंय मला," तो कुजबुजला. "पण चुकलो म्हणलं, तर ही पुढं माझं काय ऐकल?"

बस पळतच होती. बायकोचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं आणि ती घाबरून म्हणाली, "ऑपरेशन करायचं म्हणतेत." त्यानं टोपीनं कपाळावरचा घाम पुसला.

कंडक्टर तिकिटं देत आला. तीच म्हणाली, "साहेब, म्या चुकीची गाडी दाखवली. उतरवा आमाला."

बस थांबली. ती आधी उतरली. तो पायरीवर अडला आणि कंडक्टरला म्हणाला, "हिनं नाय, म्या चुकवली."

मग खाली उतरून, तिच्याकडं न बघता त्यानं विचारलं, "आता कुठनं जायचं, सांग."