मनगटावरची खाजोटी

खरं सांगते, मी त्या दिवशी झुंबरबाईंच्या दारात भांडायलाच गेले होते. माझ्या आईच्या, बायडाबाईच्या, दोन्ही गुडघ्यांवर टरारून फोड आले होते. दोन दिवस ती विव्हळत होती आणि माझं डोकं फिरलं होतं.

झुंबरबाई जोतिबाच्या डोंगराखाली राहतात. सत्तरी ओलांडलीय. संधिवातावर त्या खाजोटी द्यायच्या. ओढ्याकाठी उगवणारं हे झुडूप. पानाला बारीक काटेरी लव असते, अंगाला लागली की आग आग होते. त्याच पानांचे हलके फटके दुखऱ्या गुडघ्यावर मारले की ठणका निघतो, असं आमच्याकडं मानतात. पण बाईंचा एक नेम होता. पान आधी स्वतःच्या मनगटावर मारायचं, आग किती होते ते बघायचं आणि त्या अंदाजानंच समोरच्याला फटके द्यायचे. चाळीस वर्षांत कुणाला इजा झाली नव्हती. आईचा तर दवाखान्यातल्या गोळीपेक्षा या बाईवर जास्त भरवसा.

मग आईचंच असं का व्हावं?

"काय केलंत हो हे?" मी अंगणातूनच ओरडले.

बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मांडीवर खाजोटीची फांदी. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून लालभडक, नुसते फोड. त्यांची सून मोना बाजूला रडत उभी होती.

"सकाळपासनं मारून घ्यायला लागल्यात. ऐकंनात की!"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "परवा मला कायबी लागलं न्हाय, पोरी. वाटलं, पाला जून झालाय. म्हणून तुझ्या आईला जादा मारलं. आज कवळा पाला आणला, तरी न्हाय लागत. पाल्याचं कायबी चुकलं न्हाय. माझाच हात मेलाय."

माझा राग कुठल्या कुठं गेला. शहरात डॉक्टरांकडं मीच घेऊन गेले त्यांना. साखर भलतीच वाढलेली, हातापायाच्या नसा बधिर झालेल्या. कधीपासून, देव जाणे. बाईंनी एवढंच विचारलं, "हाताला आग परत कळंल का?"

"अवघड आहे, आजी," डॉक्टर म्हणाले.

येताना सोबत आलेली मोना म्हणाली, "आत्ती, माझ्या हातावर बघत जावा की."

त्या कडाडल्या, "तुला भाजायचं आन् औषध मी द्यायचं? न्हाय जमायचं!"

त्या दिवसापासून औषध देणं बंद. लांबून आलेल्या पावण्यांनाही त्या हात जोडून परत पाठवतात.

आठवड्यानं बाई आमच्या घरी आल्या. आईचे गुडघे बघून पाया पडायला वाकल्या. आईनं घाईनं त्यांचा तो सुजका हात धरला.

"लई दुखतंय काय गं, झुंबरे?"

"न्हाय गं बायडे," म्हणाल्या, आणि मग लहान पोरीसारखा हंबरडा फोडला. "एकदा तरी दुखू दे की!"